संगणक एकीकडे, पडदा दुसरीकडे

अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धन तालुक्यातल्या, अगदी किनाऱ्यालगतच्या एखाद्या माध्यमिक शाळेचा संगणक कक्ष डोळ्यांसमोर आणा. दहा संगणक आहेत, पण त्यांतले चारच धड चालतात. खाऱ्या हवेने कुणाच्या मागच्या जोडण्या गंजल्या आहेत, कुणाचा पंखा घरघरतो, तर कुणाची हार्ड डिस्क कधी उघडते आणि कधी उघडत नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित मोफत आधार संपला. पुढची विंडोज ११ यातल्या बऱ्याच जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. मग बैठकीत कुणीतरी म्हणते, "हे सगळे भंगारात काढू."

भंगारात काढण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. विद्यार्थ्यासमोरच्या यंत्राने नेमके काय काय करायला हवे? त्याने विचारही करायला हवा आणि दाखवायलाही हवे, असे आपण गृहीत धरतो. पण ही दोन कामे वेगळी आहेत. ती दोन वेगळ्या यंत्रांकडे सोपवता येतात आणि लिनक्सच्या जगात तशी सोय गेली तीसहून अधिक वर्षे आहे. ती कशी चालते ते पाहू. आणि ते पाहताना एक साधी कसोटी जवळ ठेवू: नववीतल्या एका मुलीने अर्धा तास बसून निबंध टाइप केला, तो अजून जतन केलेला नाही, आणि पावसाळ्यातल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे दोन मिनिटे वीज गेली. तिच्या निबंधाचे काय होईल?

एक चूल, मोठी पंगत

एक संगणक अनेकांनी वाटून घ्यायचा, ही कल्पना जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा अनेक संशोधकांची कामे त्या एकाच यंत्रावर होत असत. पुढे मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनले जोडण्याची पद्धत आली. टर्मिनल म्हणजे फक्त एक की-बोर्ड आणि एक पडदा. त्या पडद्यावर केवळ अक्षरे उमटत, त्यामुळे तारेतून फारसे काही पाठवावे लागत नसे.

पडद्यावर खिडक्या, चित्रे आणि माऊसचा बाण आल्यावर मात्र प्रश्न अवघड झाला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये 'एक्स विंडो' या प्रणालीचे काम सुरू झाले, ते याच प्रश्नावर. तिची अकरावी आवृत्ती, एक्स-११, सप्टेंबर १९८७ मध्ये आली. लिनक्सचा जन्म त्यानंतरचा, १९९१ चा. पण लिनक्सवरच्या खिडक्या वर्षानुवर्षे याच एक्स-११ वर चालत आल्या.

एक्सची रचना समजून घ्यायला लग्नातली पंगत उपयोगी पडते. स्वयंपाक आत एकाच ठिकाणी होतो. बाहेर पंगतीत प्रत्येकासमोर केळीचे पान असते. पान काही शिजवत नाही. ते फक्त वाढलेले धरून ठेवते. आत आणि बाहेर यांच्यामध्ये वाढपी असतो. आतून सांगितले जाते, "भाजी उजवीकडे, चटणी डावीकडे, भात मध्ये." वाढपी तसे वाढतो. पानावर बसलेला म्हणतो, "आणखी भात." वाढपी ते आत कळवतो.

इथे स्वयंपाकघर म्हणजे प्रोग्रॅम ज्यावर चालतात तो मोठा संगणक. पान म्हणजे विद्यार्थ्यासमोरचा पडदा. आणि वाढपी म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष रेघा, रंग, अक्षरे उमटवणारा आणि की-बोर्ड-माऊसच्या हालचाली परत कळवणारा प्रोग्रॅम. त्यालाच 'एक्स सर्व्हर' म्हणतात. नव्याने शिकणारा इथे हमखास गोंधळतो, कारण सर्व्हर म्हणजे दूरचा मोठा संगणक अशी आपली समजूत असते आणि एक्स सर्व्हर तर आपल्याच टेबलावर असतो. पण वाढपी पंगतीतच उभा असतो, चुलीपाशी नाही, हे आठवले की गोंधळ उरत नाही.

या रचनेचा एक फायदा लगेच दिसतो. वाढप्याला स्वयंपाक येण्याची गरज नाही. म्हणजे विद्यार्थ्यासमोरचे यंत्र कमी ताकदीचे, कमी स्मृतीचे, अगदी हार्ड डिस्क नसलेलेही चालते. खाऱ्या हवेत आधी बिघडतात ते फिरणारे आणि उघडे भाग. ते जितके कमी, तितके बरे.

तारेतून काय जाते?

आता थोडा गुणाकार करू. नववी-दहावीच्या वर्गात करून घेण्यासारखा आहे.

समजा पडद्यावर १०२४ आडवे आणि ७६८ उभे ठिपके आहेत. एकूण ठिपके ७,८६,४३२. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट लागतात. म्हणजे एका पूर्ण चित्राला २३,५९,२९६ बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे सुमारे १ कोटी ८९ लाख बिट. शाळेतल्या जुन्या जाळ्यातून सेकंदाला फार तर १० कोटी बिट जातात. म्हणजे सेकंदाला पाचच चित्रे, आणि तीही एकाच विद्यार्थ्याला. सर्व्हरच्या एका तारेवर दहा विद्यार्थी बसवले, तर प्रत्येकाला दोन सेकंदांत एक चित्र मिळेल. असा संगणक कुणी वापरणार नाही.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग एक्सचा. चित्र पाठवायचेच नाही, चित्र काढण्याची सूचना पाठवायची. 'या ठिकाणापासून त्या ठिकाणापर्यंत रेघ काढ', 'हा चौकोन निळा रंगव'. अशी एक सूचना काही थोड्या बाइटमध्ये मावते, मग तो चौकोन लहान असो की पडदाभर असो.

दुसरा मार्ग म्हणजे चित्रच पाठवायचे, पण फक्त बदललेला तुकडा, आणि तोही दाबून लहान करून. निबंध लिहिताना एक अक्षर वाढले तर पडद्यावरचा १६ गुणिले २४ ठिपक्यांचा चौकोन बदलतो. त्याचे ११५२ बाइट होतात, दाबल्यावर त्याहून कमी. बाकीचा पडदा तसाच राहतो. इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील एका संशोधन प्रयोगशाळेत ही पद्धत तयार झाली आणि १९९८ मध्ये 'व्हीएनसी' या नावाने सर्वांसाठी खुली झाली.

व्हीएनसीमध्ये पंगतीची उपमा थोडी वाकवावी लागते. इथे पान आणि वाढपी दोघेही स्वयंपाकघरातच असतात. वाढपी आतल्या पानावर वाढतो आणि बाहेर जातो तो त्या पानाचा फोटो. फोटोने पोट भरत नाही हे खरे, पण पडद्याचे काम मात्र फोटोवर भागते. लिनक्सवर व्हीएनसी सुरू केले की मोठ्या संगणकाच्या स्मृतीत एक काल्पनिक पडदा तयार होतो. त्याला ना काच, ना दिवा. त्यावर जे उमटते त्याची प्रत विद्यार्थ्याच्या यंत्राला मिळत राहते.

चलच्चित्र दाखवायला यातला कोणताही मार्ग फारसा सोयीचा नाही, कारण तिथे सेकंदाला पंचवीस वेळा सगळेच ठिपके बदलतात. लेखन, गणिताचे आलेख, कोष्टके, प्रोग्रॅम लिहिणे यांना मात्र अडचण येत नाही.

श्रीवर्धन हा शब्द कोण जुळवतो?

मराठी शिक्षकाला जवळचा वाटेल असा एक उपप्रश्न इथे निघतो. संगणकाच्या स्मृतीत 'श्रीवर्धन' हा शब्द नऊ खुणांनी साठवलेला असतो: श, हलन्त, र, दीर्घ ईकार, व, र, हलन्त, ध, न. पडद्यावर मात्र चारच अक्षरे दिसतात. 'ध'च्या आधी साठवलेला 'र' रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढतो. 'किनारा' या शब्दात ऱ्हस्व इकार 'क'च्या नंतर साठवलेला असतो, पण दिसतो 'क'च्या आधी. ही जुळवाजुळव कुणीतरी करावी लागते. ती प्रोग्रॅमने, म्हणजे स्वयंपाकघरात करायची, की वाढप्याने पानापाशी?

या प्रश्नावर मुंबईतच काम झाले आहे. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी (ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली), हिने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'इंडिक्स' हा प्रकल्प हाती घेतला. भारतीय लिप्या जुळवण्याचे नियम त्यांनी एक्स प्रणालीतच घातले. हेतू असा की, वाढपी एकदा देवनागरी शिकला, की प्रत्येक प्रोग्रॅमला ती वेगळी शिकवायला नको.

पुढे जगभर दुसरी पद्धत रुळली. आज अक्षरे जुळवण्याचे काम प्रोग्रॅमच्या बाजूला असलेले सामाईक संग्रह करतात आणि एक्स सर्व्हरला तयार आकार मिळतात. आपल्या शाळेच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. मराठी टंक मोठ्या संगणकावर एकदा बसवला की पुरे. दहा यंत्रांपाशी दहा वेळा बसायला नको.

वीज गेल्यावर

आता आपल्या कसोटीकडे येऊ. वीज गेली. मोठ्या संगणकाला यूपीएस आहे, विद्यार्थ्यांच्या यंत्रांना नाही. दहाही पडदे काळे झाले.

ती मुलगी स्वतंत्र संगणकावर लिहीत असती, तर न जतन केलेला निबंध स्मृतीबरोबर गेला असता. प्रोग्रॅम मधूनमधून आपोआप जतन करत असेल, तर थोडाफार वाचला असता.

ती एक्सने जोडलेल्या टर्मिनलवर लिहीत असती तर? निबंध मोठ्या संगणकावर आहे आणि तो संगणक तर चालूच आहे. पण एक्समध्ये वाढपी गेला की स्वयंपाक्याचा पंगतीशी संबंध तुटतो. आपला पडदा नाहीसा झाल्याचे प्रोग्रॅमला कळते आणि तो बंद पडतो. वीज परत आल्यावर नवा एक्स सर्व्हर सुरू होतो, पण जुन्या खिडक्या त्याला ठाऊक नसतात. निबंध याही वेळी गेला.

ती व्हीएनसीने जोडलेली असती तर? वाढपी, पान आणि स्वयंपाक सगळे आतच आहे, यूपीएसच्या आसऱ्याला. बाहेर फोटो पाहणारा डोळा फक्त मिटला. वीज आली, तिने पुन्हा जोडणी केली आणि अर्धवट वाक्यापुढे टिचकणारा कर्सर जिथल्या तिथे दिसला. निबंध वाचला. 'एक्सआरडीपी' या दुसऱ्या मुक्त प्रणालीतही जोडणी तुटली तरी काम मागे चालू ठेवता येते.

म्हणजे महत्त्वाचा प्रश्न 'प्रोग्रॅम कुठे चालतो' एवढाच नाही. 'पडद्याची स्थिती कुठे जपली जाते' हाही तितकाच महत्त्वाचा आहे. ती जिथे जपली जाते, तिथे वीज टिकली पाहिजे. दहा यूपीएस आणि त्यांच्या दहा बॅटऱ्या सांभाळण्यापेक्षा एक सांभाळणे शाळेला परवडते.

पण उलट बाजूही सांगायला हवी. स्वयंपाकघर बंद पडले तर सगळी पंगत उपाशी राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी कोणताही यूपीएस पुरत नाही. छप्पर उडून पाणी आत आले तर एकाच यंत्रात ठेवलेले दहा जणांचे काम एकदम जाते. म्हणून हा मोठा संगणक कोरड्या, आतल्या खोलीत, जमिनीपासून उंचावर ठेवावा आणि कामाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

सर्व्हर कुठे असावा?

इंटरनेट आहे, तर मोठा संगणक शाळेतच कशाला? दूर कुठेतरी भाड्याने घेता येतो. घेता येतो, पण अंतर मोजून.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईचा सर्व्हर तारेच्या वाटेने १०० किलोमीटरवर धरला, तर संदेशाला जाऊन यायला १ मिलिसेकंद लागतो. अमेरिकेतला सर्व्हर १३,००० किलोमीटरवर धरला, तर १३० मिलिसेकंद. मधल्या यंत्रांमुळे प्रत्यक्षात दोन्हीकडे याहून जास्तच लागतात. सुमारे १०० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर आपल्याला फारसा जाणवत नाही. त्यापुढे दाबलेले अक्षर मागून उमटते आणि टाइप करणारा वैतागतो.

एक्समध्ये ही अडचण वाढते, कारण त्यात संवाद फार होतो. पडदा केवढा आहे, हा रंग मिळेल का, हा टंक आहे का, असे प्रोग्रॅम विचारतो आणि काही वेळा उत्तर येईपर्यंत थांबतो. समजा एखादा प्रोग्रॅम सुरू होताना अशा २०० फेऱ्या होतात. शाळेतल्या तारेवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला, तर सगळ्या मिळून एक दशांश सेकंदात आटोपतात. १३० मिलिसेकंदांच्या अंतरावर त्यांनाच २६ सेकंद लागतात. तार कितीही रुंद केली तरी हे २६ सेकंद कमी होत नाहीत. रुंद रस्त्याने गाड्या जास्त जातात, पण अंतर तेवढेच राहते. म्हणून एक्स शाळेच्या आवारात उत्तम आणि दूरच्या प्रवासाला व्हीएनसी किंवा आरडीपी बरे.

कुलूप

व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली आठच अक्षरे मोजली जातात आणि पडद्याची चित्रे तारेतून उघडी जातात. एक्स त्याहून भोळा आहे. एका पडद्याशी जोडलेला प्रोग्रॅम त्याच पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत काय टाइप होते आहे तेही ऐकू शकतो. शाळेच्या आवारात हा धोका मर्यादित असतो. पण अशी जोडणी इंटरनेटवर थेट उघडी ठेवणे म्हणजे रात्री दार सताड उघडे टाकून झोपणे.

उपाय १९९५ पासून उपलब्ध आहे. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठातल्या टाटू यलोनेन यांनी त्या वर्षी 'एसएसएच' तयार केले. दोन संगणकांमधला सगळा संवाद त्यात कूटभाषेत जातो. एक्स किंवा व्हीएनसी यांची जोडणी एसएसएचच्या बोगद्यातून नेली की वाटेवरच्या कुणाला काही वाचता येत नाही. लिनक्सवर हे सारे विनामूल्य मिळते.

हे आधी कुणी केले आहे का?

१९९९ मध्ये 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' हा उपक्रम सुरू झाला. डिस्क नसलेले यंत्र सुरू होताच जाळ्यावरून सर्व्हर शोधते आणि आपली सुरुवातीची प्रणाली त्याच्याकडूनच घेते, अशी सोय त्यात होती. जगभरातल्या शाळांनी ती वापरली. २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. आता त्यात यंत्र सुरू होते ते सर्व्हरवरूनच, पण प्रोग्रॅम प्रामुख्याने विद्यार्थ्याच्या यंत्रावर चालतात, कारण यंत्रेही पूर्वीइतकी दुबळी राहिलेली नाहीत. आपल्या शेजारी गोव्यात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून शाळांना देण्याचा प्रयत्न झाला. केरळने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू केले आणि पुढे शाळांमध्ये मुक्त प्रणालींचा मार्ग धरला.

एक बदल ध्यानात ठेवावा. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'वेलँड' या पद्धतीने आज अनेक लिनक्स प्रणालींमध्ये एक्सची जागा घेतली आहे. वेलँडमध्ये जाळ्यावरून चित्र काढण्याची सोय मुळातच ठेवलेली नाही. तिथे दूरचा पडदा पाहायला आरडीपीसारखी वेगळी व्यवस्था लागते. एक्सचे जुने प्रोग्रॅम मात्र एका दुभाष्याच्या मदतीने तिथेही चालतात.

करून पाहा

लिनक्स असलेले दोन संगणक एका तारेने जोडा. एकाला 'आत' म्हणा, दुसऱ्याला 'बाहेर'. 'आत'वर एसएसएचचा सर्व्हर बसवा.

१. 'बाहेर'वरून पिंग ही आज्ञा देऊन संदेशाची फेरी किती मिलिसेकंदांची आहे ते लिहून ठेवा.

२. 'बाहेर'वरून एसएसएचने 'आत' शिरा. आज्ञेला उणे चिन्ह आणि मोठ्या लिपीतला एक्स जोडा. आता लेखनाचा एखादा प्रोग्रॅम सुरू करा. खिडकी 'बाहेर' उघडेल, पण 'फाईल उघडा' म्हटल्यावर दिसतील त्या फाइली 'आत'च्या. प्रोग्रॅम कुठे चालतो आहे हे विद्यार्थ्यांना इथे स्वतःच कळते.

३. दोन ओळी लिहा, जतन करू नका आणि 'बाहेर'चा संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. ओळी उरल्या का?

४. 'आत'वर व्हीएनसी बसवून हेच पुन्हा करा. उत्तर बदलते का?

५. 'आत'वर फ्री ही आज्ञा देऊन वापरातली स्मृती नोंदवा. एका विद्यार्थ्याने काम सुरू केल्यावर ती किती वाढते आणि दुसऱ्याने तोच प्रोग्रॅम उघडल्यावर किती वाढते ते पाहा. दुसऱ्या वेळची वाढ बहुधा कमी असेल. प्रोग्रॅमच्या सूचनांची स्मृतीतली प्रत दोघांना एकच पुरते, वेगळा असतो तो प्रत्येकाचा मजकूर. या वाढीला दहाने गुणले की आपल्या सर्व्हरला किती स्मृती लागेल याचा अंदाज बांधता येतो. हा आकडा कोणत्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचा.

पाचवी नोंद झाली की दहा यंत्रांचा निर्णय घ्या. ज्यांची स्मृती आणि डिस्क ठीक आहे, त्यांवर सरळ लिनक्स घाला. त्यांना सर्व्हरची गरज नाही. ज्यांची डिस्क गेली आहे पण पडदा, की-बोर्ड आणि जाळ्याची जोडणी शाबूत आहे, ती टर्मिनले करा. जी सुरूच होत नाहीत तेवढीच भंगारात जाऊ द्या, आणि जाण्याआधी एक उघडून वर्गात दाखवा. गंजलेली जोडणी कशी दिसते हे किनाऱ्यावरच्या मुलांना रसायनशास्त्राच्या तासालाही उपयोगी पडेल.